कलेचा इतिहास विद्यापीठात शिकायचा असेल तर : खानदेशातील विद्यार्थ्यांसाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने कलेचा इतिहास शिकायचे ठरवले, की घरातून पहिली शंका येते ती त्याच्या चित्रकलेच्या हाताबद्दल. इंटरमिजिएटला ‘सी’ ग्रेड मिळालेल्या मुलाने या वाटेला जावे का? खुशाल जावे. त्या परीक्षांत रेखाटनाचा हात जोखला जातो. कलेतिहासाच्या विभागात पाहणे, वाचणे आणि लिहिणे जोखले जाते, आणि मंदिराचा साधा तलविन्यास (जमिनीवरचा आराखडा) किंवा मूर्तीच्या हातांचे ओबडधोबड रेखाटन वहीत उतरवता आले तरी काम भागते. याउलट, इतिहासात चांगले गुण पडतात म्हणून हा विषय सोपा जाईल, असेही नाही. इतिहासाचा विद्यार्थी बहुधा कागदपत्रांपासून सुरुवात करतो. कलेतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे आधी वस्तू येते, आणि कित्येकदा त्या वस्तूविषयी एका ओळीचाही लेखी पुरावा हाती नसतो.

म्हणून माझा सल्ला असा, की विद्यापीठांची माहितीपत्रके चाळण्याआधी वर्षभर डोळा तयार करावा. मोठ्या शहरातील विद्यार्थी मूळ कलाकृती पाहण्यासाठी सहलीची वाट पाहतात. खानदेशातील विद्यार्थ्याला त्या एसटीच्या अंतरावर आहेत. पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली आडव्या-उभ्या रेषांची नक्षी सापडली, जी सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची मानली जाते आणि भारतीय कलेच्या आरंभाविषयीच्या चर्चेत जिचा उल्लेख हमखास होतो. ते पाटणे चाळीसगाव तालुक्यात आहे.

एक वास्तू निवडा

जवळची एकच वास्तू निवडावी आणि तिच्याकडे पुन्हा पुन्हा जावे. चाळीसगावकडच्यांना पाटणादेवीचे चंडिका मंदिर आहे, साक्रीकडच्यांना बळसाण्याची मंदिरे, मुक्ताईनगरकडच्यांना तापी-पूर्णा संगमावरचे चांगदेव मंदिर, शहाद्याकडच्यांना प्रकाशे, आणि शिरपूरकडच्यांना थाळनेरचे फारुकी (खानदेशच्या सुलतानांचे) मकबरे. कोणती वास्तू अधिक प्रसिद्ध आहे, याला इथे महत्त्व नाही. जिथे सकाळचे आणि दुपारचे ऊन असे दोन्ही वेळा जाता येईल, ती निवडावी, कारण तिरप्या उन्हात जे उठाव स्पष्ट दिसतात ते डोक्यावर सूर्य आला की सपाट होऊन जातात.

पहिल्या भेटीत फोन खिशातच राहू द्यावा. वास्तूभोवती एक फेरी मारून मग लिहायला बसावे आणि वर्णन खालून वर न्यावे: जोते, भिंत, शिखर. त्यानंतर बाहेरून आत: मंडप, अंतराळ (मंडप आणि गाभारा यांना जोडणारी जागा), गाभारा. वर्णनात ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘अप्रतिम’ हे शब्द येऊ देऊ नयेत, कारण ते पाहणाऱ्याचे मत सांगतात आणि वस्तूबद्दल काहीच सांगत नाहीत. ‘खांबांवर सुंदर कोरीवकाम आहे’ या वाक्यावरून वाचकाला काहीही डोळ्यांपुढे आणता येत नाही. ‘खांबाचा तळ चौकोनी आहे, मधला भाग अष्टकोनी, त्यावर गोल वलये, आणि शीर्षाशी चार दिशांना हात वर करून भार पेलणारे कीचक’ एवढे लिहिले, की त्याच खांबाची दुसऱ्या गावच्या खांबाशी तुलना करता येते. दरवाजापाशी थोडे अधिक थांबावे. द्वारशाखा (चौकटीचे उभे कोरीव पट्टे) किती आहेत, प्रत्येकीवर काय आहे, ललाटबिंबावर (चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मध्यावर) कोण बसले आहे, हे नोंदवावे. ललाटबिंबावरून मूळ देवतेचा अंदाज येतो, पण तो अंदाजच समजावा, कारण गाभाऱ्यातील देव शतकानुशतकांत बदललेले असू शकतात. मूर्तीचे हात किती, आयुधे कोणती, वाहन कोणते, काय तुटले आहे आणि शेंदराच्या किंवा ऑइलपेंटच्या थराखाली काय झाकले गेले आहे, तेही लिहावे. नंतरची डागडुजी हासुद्धा त्या वास्तूच्या इतिहासाचाच भाग आहे. सिमेंटचा गिलावा दिसला म्हणून वही मिटू नये.

आपल्याकडे दगडी जुने देऊळ दिसले, की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री होता, आणि त्याच्या नावावर खपवली जाणारी कित्येक मंदिरे त्याच्या जन्माआधीची आहेत. त्याऐवजी शिखराकडे नीट पाहावे. मालेगाव-धुळे रस्त्यावर झोडग्याला माणकेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या शिखरावर प्रत्येक बाजूला मधोमध एक पट्टा वर चढत जातो आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या, वर जाताना आकाराने कमी होत गेलेल्या दिसतात. ही भूमिज शैली. हीच रचना सिन्नरच्या गोंदेश्वराला आहे आणि अंबरनाथच्या शिवमंदिरालाही. अंबरनाथला शके 982 म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख आहे. ज्या मंदिरावर लेख नाही, त्याचा काळ लेख असलेल्या मंदिराशी ताडून ठरवण्याचा प्रयत्न कसा होतो, हे या तीन ठिकाणांवरून समजते, आणि विद्यापीठाच्या पहिल्या दोन सत्रांत याहून वेगळे कौशल्य फारसे मागितले जात नाही.

अजिंठा उलट्या क्रमाने

जळगावपासून अजिंठ्याची लेणी सुमारे 60 किलोमीटरवर आहेत. सोमवारी ती बंद असतात. बहुतेक लोक पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतात आणि दहाव्यापर्यंत पोहोचेतो थकतात. अभ्यासकाने थेट नवव्या आणि दहाव्या लेण्यापाशी जावे, तिथून एकोणीस आणि सव्वीस पाहावीत, आणि पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे ही चित्रांची लेणी त्यानंतर घ्यावीत. शक्य असेल तर चित्रांसाठी वेगळा दिवस ठेवावा.

दहावे लेणे हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह आहे, आणि ते अजिंठ्याच्या पहिल्या, म्हणजे इसवी सनापूर्वी सुरू झालेल्या टप्प्यातले आहे. आत अष्टकोनी खांबांची रांग दिसते. खांबांना ना तळखडा, ना शीर्ष. शेवटी अर्धवर्तुळाकार भागात स्तूप आहे, आणि त्या स्तूपावर बुद्धाची मूर्ती नाही. आता एकोणिसाव्या लेण्यात या. विन्यास जवळजवळ तोच: खांबांची रांग, गोलाकार शेवट, स्तूप. पण खांब तळापासून माथ्यापर्यंत कोरलेले आहेत, स्तूपाच्या दर्शनी बाजूला कोनाड्यात उभा बुद्ध आहे, आणि वरची छत्रे छताला जाऊन भिडतात. सव्विसाव्यात तो बुद्ध पाय खाली सोडून बसला आहे, आणि आत शिरताच डावीकडच्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची ती लांबलचक आडवी मूर्ती आहे. इमारतीचा सांगाडा तसाच राहून उपासनेचा केंद्रबिंदू कसा बदलला, हे या तीन दालनांत पुस्तकाशिवाय समजते. दहाव्या लेण्यात आणखी एक गाठ आहे: खांबांवर रंगवलेल्या बुद्धप्रतिमा वास्तूपेक्षा कित्येक शतके नंतरच्या आहेत. एकाच खांबावर दोन काळ असू शकतात, हे ध्यानात ठेवून नोंद करावी. त्याच लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली खांबावर आपले नाव कोरून ठेवले. त्यालाही तिसरा काळ म्हणायला हरकत नाही.

चित्रांकडे वळताना तंत्र आधी समजून घ्यावे. खडकावर माती आणि भुशासारख्या सेंद्रिय पदार्थांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर बंधकद्रव्यात कालवलेले रंग, अशी ही पद्धत आहे. ओल्या गिलाव्यावर रंगवण्याच्या इटालियन फ्रेस्कोहून ती वेगळी आहे. परीक्षेत ‘अजिंठ्याचे फ्रेस्को’ लिहिणाऱ्याचे गुण जाणकार परीक्षक कापतो, आणि योग्यच करतो. नंतरच्या टप्प्यातील निळा रंग लाजवर्दाचा आहे. तो दगड अफगाणिस्तानातून येत असे, म्हणजे एका निळ्या छटेमागे व्यापाराचा लांब रस्ता आहे.

काळाबद्दल वाद आहेत. सोळाव्या लेण्यातील लेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव येते. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने दुसऱ्या टप्प्याचे जवळजवळ सगळे काम इ. स. 460 ते 480 च्या सुमारास, हरिषेणाच्या काळातच उरकले असे मांडले. इतर काही अभ्यासकांना एवढा थोडा काळ पटत नाही. विद्यार्थ्याने दोन्ही मते वाचावीत आणि अर्धवट राहिलेल्या लेण्यांतील छिन्नीच्या खुणा, सोडून दिलेले खांब पाहून कोणत्या बाजूला पुरावा अधिक आहे, ते स्वतः मांडून पाहावे.

इंग्रजी वाचन

बी.ए. मराठीतून केलेल्या विद्यार्थ्याला खरी अडचण इथे येते. या विषयातील बहुतेक संशोधन इंग्रजीत आहे, आणि ते सोपे नाही. एक वही करावी, जिच्या पानावर तीन रकाने असतील: डावीकडे लहानसे रेखाटन, मधे मराठी किंवा संस्कृत संज्ञा, उजवीकडे इंग्रजी संज्ञा. अधिष्ठान, जंघा, शुकनास, कीर्तिमुख, हर्मिका, प्रभावळ अशा शब्दांनी ती भरत जाते. आपला फायदा असा, की इंग्रजी लेखातही या संज्ञा बऱ्याचदा मुळातल्याच वापरतात. वसतिगृहातील परप्रांतीय मित्राला ज्या पाठ कराव्या लागतात, त्यांपैकी निम्म्या आपण आजीकडून ऐकलेल्या असतात. सुरुवातीला आपल्या निवडलेल्या वास्तूविषयीचे लेखन वाचावे. 1880 चे खानदेश गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळते, आणि त्यात गावोगावच्या अवशेषांचे वर्णन आहे. ते वाचताना प्रत्यक्ष पाहणी शेजारी ठेवावी, कारण मापे आणि देवतांची ओळख यांत त्या काळच्या अधिकाऱ्यांची गफलत झालेली आढळते, आणि तशी एक जरी सापडली तरी ती मुलाखतीत सांगण्याजोगी गोष्ट ठरते.

कुठे जावे

बारावीनंतर थेट याच विषयाची पदवी हवी असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखा ही आपल्याला सर्वांत सोयीची. 1950 साली सुरू झालेल्या या विद्याशाखेत कलेतिहास आणि सौंदर्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने तिथे पोहोचणे मुंबईला जाण्याइतकेच सोपे आहे. शेजारी चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार काम करत असतात, ही तिथली मोठी जमेची बाजू. शांतिनिकेतनच्या कलाभवनातही असेच वातावरण आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात कलेतिहासाचा विभाग कला शाखेत आहे आणि मंदिर, मूर्ती, लघुचित्रे यांकडे त्याचा कल अधिक आहे. भुसावळहून थेट गाडी मिळते.

घराजवळ बी.ए. करून नंतर एम.ए.साठी बाहेर पडणे हा दुसरा मार्ग, आणि ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्यांना मी तोच सुचवीन. बी.ए.ला इतिहास किंवा संस्कृत घ्यावे. त्यानंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील स्कूल ऑफ आर्ट्स अँड अ‍ॅस्थेटिक्स आहे, जिथे सिद्धान्त आणि आधुनिक दृश्यसंस्कृती यांवर भर असतो; नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज आहे, जी पूर्वी राष्ट्रीय संग्रहालयाची संस्था म्हणून ओळखली जाई आणि जिथे कलेतिहासाबरोबर संवर्धन व संग्रहालयशास्त्र शिकवले जाते; आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे, जे मुळात पुरातत्त्वाचे, पण लेणी-मंदिरांच्या अभ्यासकाला तितकेच उपयोगी. केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश बहुधा सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेमार्फत होतात, बाकीच्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि बदलतही असतात, तेव्हा त्या वर्षीची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच पाहावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

निवड करताना एकच प्रश्न विचारावा: तुम्हाला जुन्या दगडांत रस आहे की आजच्या कलेत? दोन्हींत असेल तर बडोदे.

विभागात गेल्यावर

पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रे ठेवून तुलना करणे हा वर्गातला नित्याचा प्रकार आहे. हाइनरिश व्योल्फलिन या स्विस अभ्यासकाने दोन प्रक्षेपक वापरून ही रीत रूढ केली, आणि आजही परीक्षेत अशी जोडी देऊन लिहायला सांगतात. तुमची चैत्यगृहांची वही इथे कामी येईल. दुसरी पद्धत एर्विन पानोफ्स्कीची, तीन पायऱ्यांची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी घ्या. पहिली पायरी: मुकुट घातलेला, मान किंचित झुकवलेला, हातात कमळ धरलेला, नजर खाली असलेला तरुण, भोवती लहान आकाराच्या आकृती. दुसरी पायरी: कमळावरून आणि मुकुटावरून हा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. तिसरी पायरी: गाभाऱ्यातील बुद्धाच्या वाटेवर राजवैभवाने नटलेले दोन बोधिसत्त्व का रंगवले असतील, दान देणारा कोण होता, त्याला त्यातून काय दाखवायचे होते. विद्यार्थी पहिली पायरी ओलांडून थेट तिसरीवर उडी मारतात. प्राध्यापकांची लाल शाई बहुतेक तिथेच खर्च होते.

पाश्चात्त्य कलेचा भाग खानदेशी विद्यार्थ्याला परका वाटतो, कारण मूळ कलाकृती पाहायला मिळत नाहीत. त्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील युरोपीय चित्रांच्या दालनात एक दुपार काढावी. तैलरंगाचा थर छापील चित्रात कळत नाही. आधुनिक भारतीय कलेसाठी मुंबईतील सर ज. जी. कला महाविद्यालय (1857) आणि 1947 चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या दोन टोकांमधला काळ नीट वाचावा. भाषा आणि लिपी यांपैकी निदान एक पकडावी: लेण्यांसाठी ब्राह्मी लिपी आणि प्राकृत, मंदिरांसाठी संस्कृत, मराठाकालीन वाडे आणि भित्तिचित्रांसाठी मोडी, फारुकींसाठी फारसी.

खर्च आणि पुढची वाट यांबद्दल थोडक्यात सांगतो. जागा कमी आहेत, नोकऱ्याही कमी आहेत, आणि हे घरच्यांना आधीच सांगणे चांगले. संग्रहालये, पुरातत्त्व खाते, लिलावगृहे, कलादालने, प्रकाशन, अध्यापन ही क्षेत्रे आहेत. युजीसी-नेटच्या दृश्यकला विषयात कलेतिहासाचा समावेश होतो, आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर संशोधनाची सोय होते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिराती पाहत राहावे.

प्रबंधासाठी घरी परत या

पदव्युत्तर प्रबंधाचा विषय निवडताना बरेच जण राजस्थानी लघुचित्रे किंवा खजुराहो घेतात, ज्यांवर आधीच ढीगभर लिहिले गेले आहे. खानदेशचे विषय मोकळे पडले आहेत. चाळीसगावपासून जवळ, सातमाळ्याच्या रांगेत पितळखोरे आहे. तिथल्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आणि दाराशी द्वारपाल आहेत. ढिगाऱ्यातून मिळालेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. खुजा, पोट सुटलेला, हसरा, गळ्यात-कानांत दागिने घातलेला हा यक्ष कण्हदास नावाच्या सोनाराने केला, असे त्याच्या हातावरच कोरलेले आहे. प्राचीन भारतीय कलाकाराचे नाव मिळणे दुर्मीळ, आणि इथे तर दगडाच्या मूर्तीवर सोनार सही करतो. दागिन्यांच्या गाठी, मण्यांच्या ओळी त्या दृष्टीने पाहिल्या, तर धातूकाम आणि दगडकाम यांच्या नात्यावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो.

फारुकी सुलतानांची वास्तुकलाही अशीच दुर्लक्षित आहे. थाळनेरचे मकबरे आणि आज मध्य प्रदेशात असलेले बऱ्हाणपूर एकत्र अभ्यासावे लागतील. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख आहे, आणि तो का कोरला गेला असावा, याचे उत्तर एका वाक्यात संपणारे नाही. आधुनिक काळासाठी चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) आहेत, ज्यांनी टेबलावर लहान वस्तू मांडून निसर्गदृश्यांचा भास निर्माण करणारी छायाचित्रे केली आणि ज्यांचे घर आता कलादालन आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारा मेजर रॉबर्ट गिल भुसावळच्या दफनभूमीत आहे. त्याच्या बहुतेक प्रतिकृती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. प्रतिकृतींचा इतिहास हाही कलेचा इतिहासच आहे, आणि मूळ चित्रे फिकट होत चालल्यावर त्यांचे मोल वाढतेच.

लोककलेचा विषय घ्यायचा, तर भाद्रपदातील भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती किंवा श्रावणातील कानबाईची मांडणी घेता येईल. इथे अहिराणी किंवा लेवा बोली येणारा विद्यार्थी बाहेरच्या संशोधकाच्या कितीतरी पुढे असतो. कुंभारदादांकडे प्रश्नावली घेऊन जाऊ नये. साचा कोणाचा, रंग कुठून आणतात, पूर्वी कोणते वापरत, दर वर्षी मूर्तीत काय बदलते, हे काम चालू असताना विचारावे, आणि टिपण त्यांच्याच शब्दांत घ्यावे.

कामाची परवानगी वेळेत मागावी. केंद्रीय संरक्षित स्मारकात तिवई लावून छायाचित्रे घ्यायची असतील, तर पुरातत्त्व खात्याच्या मंडल कार्यालयाला मार्गदर्शकांच्या पत्रासह आधी अर्ज द्यावा लागतो. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश वापरताच येत नाही. चालत्या देवळात पुजारीबुवांना आणि विश्वस्तांना भेटून मगच मोजपट्टी काढावी. प्रत्येक छायाचित्रात एका कडेला मापाची पट्टी असू द्यावी, आणि घरी आल्याच्या रात्रीच फाइलला ठिकाण, भाग, दिशा आणि तारीख या क्रमाने नाव द्यावे, कारण महिन्याभराने पश्चिमेची जंघा (बाहेरची भिंत) कोणती आणि दक्षिणेची कोणती, हे कोणालाही सांगता येत नाही.